गुलमर्गचा बर्फ, स्नो फोरकास्ट आणि स्कीइंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की मेसेज सुरू होतात. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर, कुठून कुठून लोक विचारतात की अमुक तारखेला गुलमर्गला बर्फ असेल का, स्की करता येईल का, अ‍ॅपवर असं असं दिसतंय तर बुकिंग पुढे ढकलू का. प्रश्न तेच तेच असतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतेय, सोप्यापासून सुरू करून अवघडाकडे. एक गोष्ट आधीच सांगते, तारखेइतकीच उंची विचारायला शिका. "गुलमर्गला बर्फ आहे का" हा प्रश्न अर्धाच आहे, गुलमर्गला कुठल्या उंचीवर ते विचारलंत तर उत्तर मिळेल.

१. गुलमर्गला बर्फ नक्की कधी असतो?

साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. काश्मिरी लोक कडाक्याची थंडी तीन भागांत मोजतात, २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलां, मग २० दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटी १० दिवस चिल्लई बच्चा, म्हणजे फेब्रुवारी संपेपर्यंत हिशोब पुरा होतो. स्कीसाठी जायचं असेल तर माझं मत जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर, कारण तोवर खाली थर साचलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पण गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही आणि कुणी देत असेल तर त्याच्याकडून पॅकेज घेऊ नका. जानेवारी २०२४ मधे ऐन चिल्लई कलांत गुलमर्गच्या मैदानावर सुकलेलं गवत दिसत होतं, बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ ला खेलो इंडिया विंटर गेम्स गुलमर्गला २२ फेब्रुवारीपासून ठरले होते, बर्फ कमी म्हणून पुढे ढकलले आणि शेवटी ९ ते १२ मार्चला झाले. राष्ट्रीय स्पर्धेला थांबावं लागतं तिथे आपल्या चार दिवसांच्या सुट्टीचं काय, म्हणून मनाची तयारी ठेवूनच निघायचं.

२. आम्ही ख्रिसमस ते ३१ डिसेंबर जातोय, मुलांना बर्फ बघायचाय, मिळेल ना?

बघायला आणि खेळायला मिळण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे, निदान गंडोलाने म्हणजे तिथल्या केबलकारने वर गेलात तर. स्की शिकायच्या हिशोबाने मात्र डिसेंबरअखेर भरवशाचा नाही. या दिवसांत मोसमाचा पहिलाच बर्फ पडलेला असतो, थर पातळ, खाली दगड आणि झुडपं तशीच. आणि गर्दी इतकी की गंडोलाचं तिकीट आयत्या वेळी मिळेल ही आशा सोडा, ऑनलाइन आधीच काढा आणि फेज टू म्हणजे गंडोलाचा वरचा टप्पा बंद राहिला तर पैशांचं काय ते बुकिंग करतानाच वाचून घ्या (बंद का राहतो ते प्रश्न ९ मधे).

३. किती दिवस आधीचा फोरकास्ट खरा मानायचा?

तीन दिवस. तीन दिवसांच्या आतला अंदाज बहुतेक वेळा कामाचा असतो, म्हणजे बर्फ पडणार की नाही, साधारण कधी सुरू होणार आणि थोडा की भरपूर, एवढं कळतं. चार ते सात दिवसांत "सिस्टिम येतेय" (म्हणजे बर्फ-पाऊस आणणारा कमी दाबाचा पट्टा, प्रश्न ४) एवढंच धरायचं, आकडे धरायचे नाहीत. त्यापुढचं म्हणजे अ‍ॅपमधे १४ दिवसांपर्यंत ढग आणि बर्फाची चित्रं दिसतात ती मनोरंजन म्हणून बघा, त्याच्यावर विमानाचं तिकीट काढू नका आणि कॅन्सलही करू नका.

लोक काय करतात, दहा दिवस आधी स्क्रीनशॉट पाठवतात की ४० सेंमी दाखवतंय, दोन दिवसांनी दुसरा पाठवतात की ५ सेंमी झाला, आता काय करू. काही करू नका. आकडा बघायचा असेल तर सलग चार-पाच वेळा बघा, प्रत्येक वेळी साधारण तेवढाच येत असेल तर त्याला थोडं वजन आहे, रोज उड्या मारत असेल तर अंदाज काढणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेललाच अजून कळलेलं नाहीये.

४. वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणजे काय, आणि नाशिकच्या थंडीच्या बातमीतही तेच नाव कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाबाच्या सिस्टिम तयार होतात आणि वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत पूर्वेला सरकतात. वाटेत कॅस्पियन आणि अरबी समुद्राकडून बाष्प मिळतं. काश्मीरला पोचल्यावर समोर पीर पंजाल डोंगररांगेची भिंत, हवा वर चढते, थंड होते आणि घेतलेलं सगळं बर्फाच्या रूपाने टाकते. गुलमर्ग नेमकं या पीर पंजालच्या कुशीत आहे, म्हणून श्रीनगरपेक्षा तिथे कितीतरी जास्त पडतो. हिवाळ्यात महिन्याला साधारण ४ ते ६ अशा सिस्टिम येतात पण सगळ्या दमदार नसतात, काही नुसतेच ढग आणून निघून जातात, काही फारच उत्तरेकडून जातात आणि काश्मीरला चाटूनही जात नाहीत. जानेवारी २०२४ सारखा महिना असा कोरडा जातो.

आता आपल्याकडचा संबंध. सिस्टिम पुढे सरकली की मागून उत्तरेकडची कोरडी थंड हवा खाली उतरते, एक-दोन दिवसांत ती उत्तर महाराष्ट्रापर्यंत येते आणि निफाडचा पारा घसरल्याची बातमी लागते, द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. आणि कधी अशी सिस्टिम जरा जास्तच दक्षिणेकडे झुकली आणि तिला बंगालच्या उपसागराकडचं बाष्प भेटलं की विदर्भ-मराठवाड्यात गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेल. म्हणजे गुलमर्गच्या फोरकास्टवर लक्ष ठेवणं हे द्राक्षबागायतदारालाही उपयोगाचं आहे, नुसत्या टुरिस्टचं काम नाही.

फिरायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायचं की सिस्टिम चालू असताना वर काहीही दिसत नाही, पांढरं धुकं आणि वारा, आणि ती गेली की दुसऱ्या दिवशी निळंशार आकाश आणि ताजा बर्फ. फोटोवाल्यांना आणि स्कीवाल्यांना दोघांनाही तो दुसरा दिवस हवा असतो. त्या आधीची रात्र मात्र फार गारठ्याची जाते.

५. दोन अ‍ॅप दोन वेगळी उत्तरं देतायत, कुठलं खरं?

आधी बघा की दोन्ही कुठल्या उंचीसाठी बोलतायत. गुलमर्ग गाव २६५० मीटरवर, घाटाच्या पायथ्याचं टंगमर्ग त्याच्या बरंच खाली, आणि गंडोलाचं वरचं टोक अफरवत डोंगरावर साधारण ३९५० मीटरला. हे सगळं नकाशावर काही किलोमीटरच्या आत आहे. आता हवामानाचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून हिशोब करतं, विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर दिसणाऱ्या युरोपियन मॉडेलचा चौकोन साधारण ९ किमीचा, अमेरिकन जीएफएसचा २२ किमीचा. त्या चौकोनात दरी पण आली आणि शिखर पण आलं, मॉडेल सगळ्याची सरासरी उंची धरतं. मग फोनवरचं साधं अ‍ॅप गुलमर्गला "रेन" दाखवतं आणि तिथे प्रत्यक्षात बर्फ पडत असतो, किंवा उलट.

म्हणून जिथे पायथा, मध्य आणि शिखर असे वेगळे आकडे देतात असा माउंटन फोरकास्ट बघा, विंडीवर दोन्ही मॉडेलं शेजारी शेजारी लावून बघा, आणि शेवटचा शब्द श्रीनगरच्या हवामान केंद्राच्या रोजच्या बुलेटिनला द्या, कारण ते लिहिणारे लोक वर्षानुवर्षं हीच खोरी बघत आलेत. कुठला भाग, सपाट की "हायर रीचेस" म्हणजे वरचा डोंगराळ भाग, मध्यम की जोरदार, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. दोन मॉडेलं एकमेकांशी जुळत असतील तर विश्वास वाढवा, जुळत नसतील तर प्रश्न ३ पुन्हा वाचा.

६. फोरकास्टमधे मिमी लिहिलंय, बर्फ तर सेंमीमधे मोजतात ना?

मिमी म्हणजे वितळल्यावर किती पाणी होईल ते. ढोबळ हिशोब १ मिमी पाणी म्हणजे १ सेंमी ताजा बर्फ. पण हा हिशोब थंडीवर बदलतो, अफरवतच्या टोकाला कडक थंडी असेल तर तेवढ्याच पाण्यात दीडपट भुसभुशीत बर्फ होतो, आणि मार्चमधे गुलमर्ग गावात ओला जड बर्फ पडला तर १० मिमीचे जेमतेम ६-७ सेंमी. शिवाय ताजा बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो, रात्री ३० सेंमी पडला म्हणून सकाळी उशिरा गेलात तर तेवढा मोजायला मिळणार नाही, म्हणून हॉटेलवाला खोटं बोलला असं लगेच धरू नका.

आणखी एक, हवामान खात्याचा २४ तासांचा आकडा सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असा असतो. सकाळी नऊनंतर सुरू झालेला बर्फ त्या दिवसाच्या आकड्यात दिसणारच नाही.

७. श्रीनगरला पाऊस चालू आहे, म्हणजे गुलमर्गला बर्फ समजायचा का?

हिवाळ्यात बहुतेक वेळा हो. साधा हिशोब असा की दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीने उतरतं. श्रीनगर १५८५ मीटरवर, म्हणजे गुलमर्ग हजारेक मीटर वर. श्रीनगरला ५ डिग्री आणि पाऊस असेल तर गुलमर्गला उणे २ च्या आसपास आणि अफरवतच्या टोकाला उणे १० च्या आसपास.

फोरकास्टमधे "फ्रीझिंग लेव्हल" म्हणून एक ओळ असते ती बघायची सवय लावा. त्या उंचीवर तापमान शून्य. बर्फ मात्र त्याच्याही २००-३०० मीटर खालपर्यंत पडतो कारण पडता पडता लगेच वितळत नाही. म्हणजे फ्रीझिंग लेव्हल २८०० असेल तरी गुलमर्ग गावात बर्फच, ३२०० ला गेली की गावात पाऊस किंवा चिखलासारखा ओला बर्फ, आणि वरच्या टप्प्यावर मात्र मस्त. मार्चमधे हेच होतं (प्रश्न १६).

अपवाद कोरड्या दिवसांचा. आकाश निरभ्र असलं की रात्री जड थंड हवा खोऱ्यात साचते आणि कधीकधी श्रीनगरची रात्र गुलमर्गपेक्षा गार निघते, सकाळी खाली धुकं आणि वर लख्ख ऊन. अशा दिवशी वरचा साडेसहा डिग्रीचा हिशोब लावायचा नाही.

८. काल ३० सेंमी बर्फ पडला म्हणतात, म्हणजे स्कीसाठी एकदम बेस्ट ना?

खाली काय आहे त्यावर आहे. नवीन बर्फ आणि एकूण साचलेला थर हे दोन वेगळे आकडे आहेत आणि लोक फक्त पहिला विचारतात. मोकळ्या दगडांवर ३० सेंमी भुसभुशीत बर्फ पडला तर स्की सरळ दगडावर जाते, तळ खरवडतो आणि गुडघाही जातो. तोच ३० सेंमी मीटरभर घट्ट थरावर पडला तर ज्याच्यासाठी लोक युरोपातून गुलमर्गला येतात तो दिवस.

म्हणून विचारताना असं विचारा: गावात एकूण थर किती, कोंगडूरीला (गंडोलाचं मधलं स्टेशन) किती, वर किती, शेवटचा बर्फ कधी पडला आणि त्यानंतर ऊन किती दिवस पडलं. ही पाच उत्तरं मिळाली की कुठल्याही अ‍ॅपपेक्षा चांगलं चित्र डोळ्यासमोर येतं.

९. फेज वन, फेज टू काय भानगड आहे, आणि लख्ख ऊन असूनही फेज टू बंद का ठेवतात?

गंडोलाचे दोन टप्पे. पहिला गुलमर्गहून कोंगडूरीला, साधारण ३१०० मीटर. दुसरा तिथून अफरवतवर साधारण ३९५० मीटरपर्यंत. पहिल्या टप्प्याच्या आसपास मशीनने दाबून तयार केलेले उतार आहेत. दुसऱ्याच्या वरून खाली येणारा बराचसा डोंगर तसाच नैसर्गिक, उघडा आणि उभा आहे, झाडं नाहीत.

बंद ठेवायची दोन मुख्य कारणं, वारा आणि अ‍ॅव्हलांच म्हणजे हिमस्खलन. खाली झुळूक नसते तेव्हाही वर धारेवर जोरात वारा असू शकतो. उणे १२ तापमान आणि ४० किमीचा वारा असेल तर अंगाला ते उणे २३ च्या आसपास लागतं, आणि केबिन मधेच अडकली तर काय होईल विचार करा. दुसरं कारण जास्त गंभीर. मोठा बर्फ पडून गेला की सकाळी स्की पेट्रोलची म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाची माणसं वरच्या उतारांवर स्फोट करून अस्थिर बर्फ मुद्दाम पाडतात. कोंगडूरीला रांगेत उभं असताना वरून दबका धडाम आवाज येतो, बाजूचे लोक दचकतात, कुणीतरी विचारतं की आर्मी आहे का. ते काम पूर्ण होऊन डोंगर तपासून झाल्याशिवाय वरचा टप्पा उघडत नाहीत, आणि त्याला अर्धा दिवस लागेल किंवा दोन दिवस. तिथल्या स्टाफशी कृपा करून भांडू नका. ऊन पडलंय म्हणजे डोंगर तयार झाला असं नसतं, उलट मोठ्या बर्फानंतरचे पहिले एक-दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे.

१०. मी आयुष्यात पहिल्यांदा स्की करणार, माझ्यासाठी चांगली कंडिशन कुठली?

गावातल्या मैदानाच्या सौम्य उतारावर दाबलेला, फार टणक नाही असा बर्फ, वारा कमी, आणि उजेड चांगला. ताजा गुडघाभर पावडर म्हणजे भुसभुशीत बर्फ नवशिक्यासाठी चांगला नाही, स्की आत रुतते, पडलात की उठता येत नाही आणि तासाभरात दमछाक. रात्रभर गोठून काचेसारखा झालेला उतारही नको, स्की थांबतच नाही. सकाळी साडेनऊ-दहानंतर सुरू केलंत तर बरेचदा बर्फ जरा सुटलेला असतो.

तासाभराच्या "स्की राइड"वर पैसे घालवण्यापेक्षा तीन-चार दिवस एकाच शिकवणाऱ्याबरोबर राहा. नीट शिकायचं असेल तर गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, निवासी कोर्स असतात, जागा लवकर भरतात, म्हणून हिवाळ्याच्या बरंच आधी चौकशी करा. आणि भाड्याचे बूट घालून बघताना टाच आत हलत असेल तर लाज न बाळगता दुसरा जोड मागा, नवशिक्यांना होणारा निम्मा त्रास ढिल्या बुटांचा असतो.

११. पावडर, क्रस्ट, आइस, स्लश, हे शब्द कंडिशन रिपोर्टमधे असतात, ओळखायचे कसे?

हातमोज्यात मूठभर बर्फ घ्या आणि दाबा. गोळा होतच नाही, फुंकर मारली की उडतो, तो पावडर. गोळा होतो पण हात कोरडा राहतो, तो दमट, स्कीला चांगलाच. पाणी गळलं की स्लश. वरचा पापुद्रा पायाखाली मोडतो आणि आत मऊ लागतं तो क्रस्ट, ऊन किंवा वाऱ्याने झालेला, यावर वळणं घेणं सगळ्यात कठीण, पडलात तर पाय अडकतो. आइस कळायला काही करावं लागत नाही, आवाजच सांगतो.

अफरवतचा गुलमर्गकडचा उतार बराचसा उत्तर-पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळचं थोडं ऊन सोडलं तर सावली जास्त आणि पावडर बरेच दिवस टिकतो. दक्षिणेकडे वळलेल्या उतारावर दोन उन्हात क्रस्ट तयार. एकाच दिवशी एकाच उंचीवर दोन बाजूंना दोन वेगळे बर्फ मिळतात ते यामुळेच.

१२. अ‍ॅव्हलांच वॉर्निंग आलीय, ट्रिप कॅन्सल करू का?

आधी पूर्ण वाचा. डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते जिल्हा आणि उंचीनुसार असतात, म्हणजे बारामुल्ला जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर मीडियम किंवा हाय डेंजर. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. इशारा २५०० किंवा ३००० मीटरच्या वरचा असेल आणि तुम्ही हॉटेल, मैदान आणि स्लेजपुरते असाल तर ट्रिप रद्द करायचं कारण नाही, फक्त उभ्या उतारांच्या पायथ्याशी फिरायला जायचं नाही, गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग कुरणाकडे घोड्यावरून किंवा चालत जाऊया हा बेत सोडायचा. स्कीवाल्यांनी चालू असलेल्या आणि स्की पेट्रोलने उघडलेल्या उतारांवरच राहायचं.

हा कागदी इशारा समजू नका. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला आर्मीच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर हिमस्खलन आलं आणि १७ जवान गेले, आणि ही तर बर्फातच प्रशिक्षण घेणारी माणसं. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतच्या हापतखुडमधे दोन पोलिश स्कीअर, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर. मला हे लिहायला आवडत नाही पण यातलं काही पॅकेजच्या पत्रकात छापलेलं नसतं.

१३. "मीडियम" म्हणजे बऱ्यापैकी सेफच ना?

नाही. परीक्षेत मध्यम म्हणजे पास, इथे तसं नाही. उभ्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही थर सुटू शकतो असे हे दिवस असतात. आल्प्समधे पाच पायऱ्यांची पट्टी वापरतात आणि तिथे सगळ्यात जास्त जीव तिसऱ्या पायरीला जातात, कारण चौथी-पाचवी असली की लोक घरीच बसतात आणि तिसरीला "जाऊन बघू" म्हणतात.

काश्मीरमधे एक खास गोष्ट बघायची. नोव्हेंबर-डिसेंबरमधे थोडासा बर्फ पडून मग बरेच दिवस निरभ्र थंडी गेली की त्या पातळ थराचे खालचे कण मोठे, सुटे, साखरेसारखे होतात, एकमेकांना धरत नाहीत. मग जानेवारी-फेब्रुवारीत एकदम मीटरभर बर्फ त्याच्यावर येऊन पडतो. वरून सगळं सुंदर पांढरं दिसतं आणि तळ कच्चा. म्हणून कोरड्या डिसेंबरनंतर आलेल्या पहिल्या मोठ्या बर्फाला मी सगळ्यात जास्त भिते, नेमक्या त्याच वेळी सगळे "शेवटी बर्फ आला" म्हणून वर धावतात.

१४. बाहेरच्या उतारावर आधीच कुणाचे तरी ट्रॅक दिसतायत आणि लोकल मुलगा म्हणतो काही होत नाही, जाऊ का?

ट्रॅक म्हणजे एवढंच की तो माणूस तिथून गेला. पाचवा जातो तेव्हाही थर सुटतो. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात जास्त सुटतात आणि नेमके तेच स्कीला मजेचे.

गंडोलाच्या मुख्य उताराबाहेर म्हणजे हद्दीच्या दोरीपलीकडे जायचं असेल तर प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडला गेलेला माणूस शोधायला सिग्नल देणारं-घेणारं यंत्र), पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), ते वापरायचा सराव, आणि हिमस्खलनाचं शिक्षण घेतलेला गाइड, यातलं एक जरी कमी असेल तरी नाही म्हणायचं. गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढला तर वाचायची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने उतरते. खालून मदत यायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे वाचवणार ते तुमच्या बरोबरचेच. त्या लोकल मुलाला विचारा की आज वरून कुठल्या बाजूने वारा आला आणि बर्फ कुठे साचला, चांगल्या गाइडकडे याचं उत्तर तयार असतं. "काही होत नाही" हे उत्तर नाही.

विमा घेताना पण बघा, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कीइंग धरत नाहीत, ऑफ-पिस्ट म्हणजे तयार उताराबाहेरचं तर नाहीच.

१५. भरपूर बर्फाचा फोरकास्ट आहे, त्याच दिवशी श्रीनगरला उतरतोय, पोचू ना?

त्या दिवशी पोचायचा हट्ट धरू नका. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर ५० किमीच्या आसपास, पण जोरदार बर्फात विमानं उशिरा येतात किंवा रद्दच होतात आणि टंगमर्गपासूनचा शेवटचा १३ किमीचा घाट बर्फ काढेपर्यंत थांबतो. टंगमर्गला गाड्या बदलाव्या लागतात किंवा चाकांना साखळ्या लावाव्या लागतात, पोरं बर्फात आडवी होऊन साखळ्या बसवतात, त्यांच्याशी दहा-वीस रुपयांवरून घासाघीस नको. जाताना आणि येताना एक-एक दिवस मोकळा ठेवा, आणि परतीचं विमान आहे त्याच्या आदल्या रात्री गुलमर्गला न राहता श्रीनगरला राहा.

१६. मार्चमधे गेलं तर उशीर होतो का?

वरच्यासाठी नाही, खालच्यासाठी थोडा. मार्चमधे सिस्टिम येतच असतात, अफरवतवर भरपूर बर्फ असतो, दिवस मोठा, थंडी सोसवणारी, गर्दी कमी. गावात मात्र दुपारी चिखल आणि फ्रीझिंग लेव्हल वर-खाली (प्रश्न ७). स्की सकाळी करायची, दुपारी एकनंतर उन्हातल्या उतारांवरचा बर्फ जड होतो आणि ओली हिमस्खलनं तेव्हाच सुटतात. मला स्वतःला मार्चचा पहिला आठवडा फार आवडतो.

१७. औली आणि गुलमर्ग, दोन्हीला हेच नियम का?

सिस्टिम त्याच, पण पूर्वेला उत्तराखंडपर्यंत जाताना बऱ्याचदा कमजोर होतात. औली साधारण २५०० ते ३००० मीटरमधे, वर ३९५० चा टप्पा नाही, त्यामुळे गरम हिवाळ्यात पळायला जागा नाही. शिकायला उतार सुरेख आहेत आणि नंदादेवीचं दर्शन होतं. जोशीमठहून जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मधे जमीन खचायला लागल्यावर बंद केला, तेव्हा जायच्या आधी कसं पोचायचं ते विचारून घ्या. बर्फाच्या भरवशासाठीच निवडायचं असेल तर मी गुलमर्ग सांगते.

१८. तिथे गेल्यावर रोज काय आणि कसं बघायचं? नेट चालतं का?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमधे चालत नाही, पोस्टपेड चालतं, म्हणून निदान एकाकडे पोस्टपेड असू द्या नाहीतर हॉटेलच्या वायफायवर राहाल आणि बर्फात वीज गेली की तेही गेलं. रात्री झोपायच्या आधी हवामान केंद्राचं बुलेटिन आणि डीजीआरईचा इशारा बघून ठेवा. सकाळी खिडकीबाहेर कठड्यावर पट्टी किंवा बोटाने रात्रीचा बर्फ मोजा, झाडांचे शेंडे हलतायत का बघा, अफरवतच्या धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसला तर वर वारा आहे आणि फेज टू उशिरा उघडणार हे नाश्त्यालाच कळेल. मग गंडोलाच्या तिकीट खिडकीपाशी किंवा स्की पेट्रोलच्या माणसाला दोनच गोष्टी विचारा, आज कुठपर्यंत चालू आणि कुठला उतार बंद. वर बंद असेल तर कोंगडूरीपर्यंत जा, तिथे दिवसभर करण्यासारखं खूप आहे.